तानपुऱ्याच्या जवारीवर तीन हेडफोन: एचडी ६००, एचडी ८०० एस आणि एलसीडी-एक्स

सेनहायझरचे एचडी ६०० आणि एचडी ८०० एस, शिवाय ऑडिझचा एलसीडी-एक्स, हे तिन्ही ओपन-बॅक, म्हणजे मागून उघड्या कपांचे आहेत. बाहेरचा आवाज ते फारसा अडवत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या दुकानात, रस्त्यावरचे हॉर्न चालू असताना, यांच्यातला खरा फरक कळणे अशक्य आहे. घरीही पंखा पाचवर असेल तर तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारांची ती झणकार, त्या घरघरीत बुडते. रात्री उशिरा, पंखा बंद करून ऐका.

तुलनेआधी आवाजाची पातळी जुळवायलाच हवी. एक डेसिबलने मोठा वाजणारा हेडफोन कानाला ‘जास्त स्पष्ट’ वाटतो आणि सगळा निवाडा तिथेच चुकतो. जाड पुठ्ठ्याला फोनच्या माइकएवढे भोक पाडा, कप त्यावर घट्ट बसवा, पिंक नॉइज (चाचणीसाठीचा एकसारखा खळखळाट) लावा आणि ध्वनिमापक ॲपवर तिन्हींचे आकडे सारखे करा. फोनचा माइक खर्जात फारसा भरवशाचा नसतो, म्हणून शेवटचा बारीक फेरफार गाण्याचा आवाज ऐकून करावा.

एचडी ६०० हा १९९७ पासून बाजारात आहे आणि मानवी आवाजासाठी आजही माझी पहिली पसंती तोच. गायकाचा आवाज जागच्या जागी राहतो, ना नाकात जातो ना मागे सरकतो. पेटी आणि गळा एकाच पट्टीत असले तरी वेगवेगळे ऐकू येतात. उणीव तळाशी आहे. खोल खर्ज हळूहळू उतरत जातो, त्यामुळे डग्ग्याचा घुमारा कळतो, पण त्याचे वजन छातीला जाणवत नाही. मांडणीचा पसाराही लहान, सगळे कानाजवळच.

पसारा हवा असेल तर एचडी ८०० एस. त्याचा ५६ मिलीमीटरचा रिंग ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा कड्याच्या आकाराचा पडदा, कानापासून दूर आणि तिरका बसवलेला आहे. मैफलीच्या थेट मुद्रणात तबला कुठे, तानपुरे कुठे, दाद देणारे श्रोते कुठे, हे डोळे मिटून दाखवता येते. २००९ च्या मूळ एचडी ८०० मध्ये ६ किलोहर्ट्झच्या आसपास टोचणारा उंचवटा होता. ‘एस’मध्ये कपात शोषक बसवून तो खाली आणला. तरी जुन्या, खरखरीत मुद्रणांवर हा हेडफोन दया करत नाही. ‘स’ आणि ‘श’ टोचतात आणि टेपची सळसळ पुढे येते. ज्यांच्या संग्रहात जुन्या मैफली जास्त, त्यांनी यावर एवढा मोठा खर्च करण्याआधी त्याच मुद्रणांवर तो ऐकावा.

एलसीडी-एक्स प्लॅनर, म्हणजे पातळ सपाट पडद्याच्या जातीचा आहे. डग्ग्यावरची मींड पार तळापर्यंत सरळ उतरते, ढोलकीची थाप भरीव लागते. मात्र ३-४ किलोहर्ट्झचा भाग दबलेला असल्याने स्त्री-आवाजाची धार बोथट होते. समतोल साधायला इक्वलायझरमध्ये तिथे २-३ डेसिबल वाढवून पाहा, फरक मोठा पडतो. वजन ६१२ ग्रॅम, मान तासाभरात तक्रार करते. चष्म्याच्या काडीने पॅडखाली फट पडली तर खर्ज गळतो, मग दोष हेडफोनला देऊ नये.

अँपचे (हेडफोन चालवणाऱ्या ॲम्प्लिफायरचे) गणित तिघांचे वेगळे आहे. एचडी ८०० एसचा इंपीडन्स (विद्युतप्रवाहाला होणारा अडथळा) ३०० ओहम, आणि १ व्होल्टला तो १०२ डेसिबल वाजतो. ११० डेसिबलच्या शिखरांना सुमारे २.५ व्होल्ट लागतात, जे फोनला लावायच्या साध्या १ व्होल्टच्या डोंगलच्या आवाक्याबाहेर आहे. एलसीडी-एक्स २० ओहमचा, त्याला व्होल्टेज थोडे पण करंट जास्त लागतो. एचडी ६०० साठी आउटपुट इंपीडन्स कमी असलेला अँप घ्या. त्याचा इंपीडन्स १०० हर्ट्झच्या आसपास खूप चढतो, त्यामुळे जास्त इंपीडन्सच्या अँपवर खर्जाला फुगवटा येतो. अनेकजण तोच ‘उबदारपणा’ समजतात.

मुंबईच्या दमट हवेत पॅड लवकर खराब होतात. रेक्झिनचे पॅड सोलतात, मखमली घाम धरून चपटे होतात. चपटा पॅड ड्रायव्हरला कानाजवळ आणतो आणि स्वराचा तोल बदलतो. पावसाळ्यात हवाबंद डब्यात सिलिका जेल ठेवून हेडफोन ठेवा, आणि जुना हेडफोन घेत असाल तर नव्या पॅडचा खर्च किमतीत धरा.