इंदूरमध्ये घराच्या स्लॅबसाठी रेडीमिक्स: प्लांट चोख, पंपाजवळ ढिलाई

बायपासलगतच्या एका प्लांटच्या एम-२५ रेडीमिक्सचा, म्हणजे प्लांटमध्ये तयार होऊन गाडीने येणाऱ्या काँक्रीटचा हा आढावा. एम-२५ म्हणजे २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला २५ न्यूटन ताकदीचं काँक्रीट. मिक्स चांगला आहे, वजनं चोख आहेत. पण साइटवर माल उतरवताना त्यांची माणसं ढिली पडतात, आणि कमावलेली ताकद तिथेच हातची जाते.

आधी प्लांट. मागितली की प्रत्येक गाडीची बॅच शीट, म्हणजे मिक्समध्ये काय किती पडलं त्याचा कागद देतात. घनमीटरला ३५० किलो पीपीसी (पोझोलाना मिसळलेलं) सिमेंट आणि १६८ लिटर पाणी, म्हणजे वॉटर-सिमेंट रेशो (पाणी भागिले सिमेंट) ०.४८. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय मानकात मध्यम एक्स्पोजरसाठी (हवा-पाण्याचा मध्यम मारा) कमाल ०.५० दिला आहे, त्यामुळे हिशेब बरोबर बसतो. गिट्टी माळव्यातल्या काळ्या दगडाची, टोकदार आणि धूळ कमी असलेली.

शीटवर रेतीच्या ओलाव्याचा रकाना मात्र बघाच. घनमीटरमागे ७०० किलो रेती पडत असेल आणि तिच्यात ५ टक्के ओल असेल, तर ३५ लिटर पाणी रेतीबरोबरच ड्रममध्ये जातं. थोडं रेतीच धरून ठेवते, बाकीचं सगळं मिक्समध्ये उतरतं. ते वजा केलं नाही तर ०.४८ चा रेशो ०.५५ च्या पुढे जातो आणि एम-२५ फक्त कागदावर उरतो. या प्लांटच्या शीटवर ओलाव्याचे आकडे दिवसभरात बदलतात, म्हणजे कुणीतरी खरोखर तपासतंय. पावसाळ्यातही तिथे शून्य छापलेला दिसला, तर तो प्लांट सोडा.

आता तक्रार. ड्रममध्ये पाणी पडल्यापासून दोन तासांत गाडी रिकामी व्हावी, असं आयएस ४९२६ हे रेडीमिक्सचं मानक सांगतं. विजयनगरच्या गर्दीत गाडी अडकली की माल घट्ट होतो, पंपवाल्याला तो ढकलायला जड जातो, आणि ड्रायव्हर न विचारता पाण्याचा पाइप ड्रममध्ये सोडतो. सहा घनमीटरच्या गाडीत १२० लिटर पाणी गेलं तर रेशो ०.५४ होतो आणि ताकद दहा टक्क्यांहून जास्त उतरते. स्लंप (मालाचा पातळपणा) वाढवायचाच असेल तर प्लांटच्या टेक्निशियनकडून अॅडमिक्श्चरचा (माल सैल करणाऱ्या रसायनाचा) डोस घालून घ्या आणि ड्रम नीट फिरवून घ्या. चलनावर ‘साइटवर पाणी घातले नाही’ असं लिहून ड्रायव्हरची सही घ्या. त्या एका ओळीने पाइप जागेवर राहतो.

व्हायब्रेटर प्लांट देत नाही, तो ठेकेदाराचा. त्याची ४० मिमीची सुई फूटभर अंतराने उभी घाला, बुडबुडे थांबले की सावकाश काढा. काँक्रीटमध्ये एक टक्का हवा राहिली तरी ताकद सुमारे पाच टक्के जाते. सुईने माल लांबवर ढकलू नका, गिट्टी वेगळी पडते.

क्युरिंगबद्दल, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवण्याबद्दल, प्लांटची माणसं चकार शब्द काढत नाहीत, हे खटकतं. पीपीसीला किमान १० दिवस ओल हवी, १४ दिवस दिलेत तर उत्तम. मे महिन्यात इंदूरच्या कोरड्या वाऱ्यात स्लॅब शक्यतो संध्याकाळी भरा, फिनिशिंग झाल्याबरोबर प्लास्टिक अंथरा आणि दुसऱ्या दिवशी आळी (छोटे बांध घालून केलेले चौकोन) बांधून पाणी भरून ठेवा. नुसतं सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडून भागत नाही, मधल्या वेळात वरचा थर सुकतो.

ताकद तपासायचे क्यूब (काँक्रीटचे ठोकळे) ते प्लांटवर भरतात. तो प्लांटचा रिपोर्ट झाला, तुमच्या स्लॅबचा नव्हे. साइटवर, गाडी निम्मी रिकामी झाल्यावर माल घ्या: १५० मिमीचा साचा, तीन थर, दर थराला ३५ ठोके. १८ घनमीटरच्या स्लॅबला तीन नमुने लागतात, प्रत्येकाचे तीन क्यूब. पीपीसीची ताकद हळू चढते, म्हणून सात दिवसांचा आकडा कमी दिसला तर लगेच भांडू नका. २८ दिवसांनंतर एकाही नमुन्याची सरासरी चौरस मिलिमीटरला २२ न्यूटनच्या खाली आली, तर मात्र बॅच शीट आणि सही केलेलं चलन घेऊन थेट प्लांट मॅनेजरकडे जा.