प्रागमध्ये नाताळच्या संध्याकाळी आमचे 400 युरो गेले, डिसेंबरात युरोप फिरायला निघालेल्यांनी प्लीज वाचा

दिवाळी संपली की पुण्या-मुंबईच्या ओळखीच्या लोकांचे मेसेज यायला लागतात, प्राग-व्हिएन्ना-बुडापेस्ट करतोय, चौघं-पाच जण आहोत, काय काळजी घेऊ. थर्मल कुठलं घेऊ, बूट कुठले घेऊ, बर्फ मिळेल का, सगळं विचारतात, पण पैसे कसे न्यायचे हे आजपर्यंत एकानेही विचारलं नाहीये. म्हणून 2024 च्या नाताळात आमच्यासोबत जे झालं ते सगळंच्या सगळं लिहितेय.

मी जर्मनीत ड्रेस्डेनला मास्टर्स करतेय. आम्ही चौघं होतो, मी, माझी सांगलीची रूममेट, वर्गातला एक नाशिककर आणि आमच्या आधी दोन वर्षं इथे आलेला, आता नोकरी करणारा पुण्याचा दादा. नाताळात इथे सगळं बंद असतं, युनिव्हर्सिटी बंद, मेस बंद, जर्मन मुलं आपापल्या घरी जातात आणि हॉस्टेलच्या पॅसेजमध्ये चिटपाखरू नसतं. पहिल्या वर्षी मी ते दहा दिवस खोलीत काढले होते आणि परत तसं करायचं नाही हे ठरवलं होतं. ड्रेस्डेनहून प्राग ट्रेनने अडीच तासांच्या आतबाहेर, बराचसा रस्ता एल्ब नदीच्या काठाने, त्यामुळे ठरायला वेळ लागला नाही. आधी प्राग, मग व्हिएन्ना, मग बुडापेस्ट, नऊ दिवस.

कॉन्ट्री काढली, प्रत्येकी 100 युरो कॅश, असे 400 नाशिककरकडे दिले कारण तो हिशोबाला पक्का आहे. आणि ते 400 म्हणजे काय होते तेपण सांगते. आम्ही तिघं विद्यार्थी पार्टटाइम गोदामात पार्सल लावायचं काम करत होतो, तेव्हा जर्मनीतला किमान दर ताशी 12.41 युरो होता. म्हणजे 400 युरो कमवायला 32 तास पार्सलं उचलावी लागतात, रात्रपाळीत.

24 डिसेंबरला दुपारी पोचलो. चेक रिपब्लिकमध्ये युरो चालत नाही, त्यांचा कोरुना आहे, तेव्हा बँकेच्या हिशोबाने 1 युरोला साधारण 25 कोरुना. हॉस्टेलवाल्यांनी सांगितलं की सिटी टॅक्स माणशी रात्रीला 50 कोरुना, चौघांचे तीन रात्रींचे 600, आणि वर किल्लीचं डिपॉझिट, सगळं कॅशमध्ये, रात्री आलात तरी चालेल. 24 ला तिथे सुट्टी, बँका बंद, मोठी दुकानं तर कायद्यानेच दुपारी 12 नंतर बंद. दादा म्हणाला होता की बँकेच्या एटीएममधून काढूया. पण आमच्या कार्डांवर परदेशात कॅश काढली की दरवेळी 5-6 युरो कापतात, आणि हातात कॅश असताना ते कशाला घालवायचे असं मीच म्हणाले, दुसऱ्या कुणी नाही. मग दादा गप्प बसला.

चार वाजताच अंधार पडला. ओल्ड टाऊन चौकात मोठ्ठं झाड, दिव्यांच्या माळा, लाकडी स्टॉल, भाजलेल्या साखरेचा आणि दालचिनीचा वास, मागे टीन चर्चचे ते दोन काळे मनोरे, खरं सांगते मी पंधरा मिनिटं नुसती उभी होते. 1410 चं घड्याळ आहे तिथे, दर तासाला त्यातला हाडाचा सापळा घंटी ओढतो आणि वरच्या खिडक्यांतून येशूचे शिष्य फिरताना दिसतात. सहाचा तो खेळ बघायला गर्दी जमली, सगळ्यांनी मोबाईल वर धरलेले, खेळ संपला आणि गर्दी पांगली. तिथून दोन मिनिटांवर एका गल्लीत पैसे बदलायचं दुकान उघडं दिसलं. बाहेर मोठ्या अक्षरात 0 टक्के कमिशन, आणि काचेवरचा रेट 21 च्या आसपास. 400 युरोवर 1600 कोरुना कमी, म्हणजे सरळ 64 युरोचा फटका, त्यामुळे आम्ही बाहेर उभं राहून मराठीत वाद घालत होतो, बदलू का नको, अर्धेच बदलू का.

तेवढ्यात तो आला. पन्नाशीचा असेल, चांगला ओव्हरकोट, हातात स्टॉलवरचा कागदी कप. म्हणाला, "नमस्ते! इंडिया? मुंबई?" नाशिककर म्हणाला नाशिक, तर म्हणतो "भाई, इथे बदलू नका, हे लोक चोर आहेत." आणि 'भाई' हा शब्द त्याने हिंदीतच उच्चारला. मग इंग्लिशमध्ये, की मला उद्या मुलीकडे जर्मनीला जायचंय, मला युरो पाहिजेत, तुम्हाला कोरुना, मी 26 देतो, दोघांचं काम होईल. घरापासून इतक्या लांब, सणाच्या संध्याकाळी, दिवसभरात आमच्याशी आपणहून बोललेला तो पहिला माणूस होता. आम्हाला तो चांगला वाटला, हे कबूल करायला मला आजही जड जातं.

400 गुणिले 26 म्हणजे 10,400. त्याने खिशातून नोटा काढल्या, आधी एक 5000 ची नोट उलगडून दाखवली, तिच्यावर दाढीवाल्या माणसाचं चित्र, ते चेकोस्लोव्हाकियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष मासारिक, हे मला नंतर कळलं. ती नोट पूर्ण खरी होती. दादाने ती हातात घेऊन बघितलीसुद्धा आणि परत दिली. मग त्याने आमच्यासमोर मोजलं, 5000, 5000, 200, 200, घडी घातली आणि नाशिककरकडून युरो घेतले. ते मोजता मोजता एकदम मान वळवून "पोलीस, पोलीस" असं हळू आवाजात म्हणाला, घडी नाशिककरच्या तळहातावर दाबली, वरून त्याची मूठ स्वतःच्या हाताने बंद केली, "मेरी ख्रिसमस भाई" म्हणाला आणि गल्लीतून निघून गेला. धावलासुद्धा नाही. आम्हीच घाबरून उलट्या दिशेने चालायला लागलो, कारण आपण काहीतरी बेकायदेशीर केलं की काय ही भीती आमच्याच पोटात होती. घडीच्या वर 200 ची नोट दिसत होती, ती खरी होती. तिच्यावर आम्ही स्टॉलवर गरम चॉकलेट घेतलं.

नऊ वाजता हॉस्टेलवर आलो. रिसेप्शनला विशीतली मुलगी होती. नाशिककरने 5000 ची नोट पुढे केली, तिने हातात घेतली, अंगठा फिरवला, दिव्यापाशी नेली आणि आमच्याकडे असं बघितलं की माझ्या पोटात गोळा आला. ती म्हणाली हे आमचे पैसे नाहीत, हे बेलारूसचे आहेत. मी नोट घेतली. आकडा 5000 च होता. पण अक्षरं सगळी रशियन वळणाची, चित्रात माणूसच नाही, कुठलीतरी मोठी इमारत, कागद वापरून मऊ पडलेला. दुसरीपण तशीच. तिने फोनवर शोधून दाखवलं, बेलारूसने 2016 साली चलनातली चार शून्यं कापली, 10,000 जुने रुबल म्हणजे 1 नवा. आमच्या दोन नोटा मिळून एक नवा रुबल झाला असता, तोही तेव्हा, आता तर त्या चलनातच नाहीत.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. रात्री घरी आले की पेटीतले पैसे मोजताना प्रत्येक नोट ट्यूबलाइटसमोर धरायचे, आणि मला लहानपणापासून एकच सांगायचे, नोट हातात आली की आधी उजेडात धर, मग माणसाच्या तोंडाकडे बघ. त्या रात्री मी उजेडाखाली उभी होते, चौकात तर हजार दिवे होते, आणि मी पूर्ण वेळ त्या माणसाच्या तोंडाकडे बघत होते.

सिटी टॅक्सचे पैसे त्या मुलीने दादाच्या कार्डावर घेतले, नियमात नव्हतं तरी, आणि डिपॉझिट सोडून दिलं. पोलिसांचा नंबर 158 तिनेच सांगितला आणि वेन्सेस्लास चौकाजवळच्या ठाण्यात जा म्हणाली. आम्ही साडेदहाला तिथे. चांगले वागले ते लोक, तक्रार इंग्लिशमध्ये सांगता आली, नोटा पुरावा म्हणून ठेवून घेतल्या. तिथे दोन गोष्टी कळल्या, ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहितेय.

एक म्हणजे ती नोट नकली नव्हती. नकली नोट ओळखायच्या खुणा तुम्ही कितीही पाठ केल्या तरी इथे काही उपयोग नाही, नोट खरीच असते, फक्त दुसऱ्या देशाची आणि रद्द झालेली. बेलारूसच्या, बल्गेरियाच्या 1999 च्या आधीच्या, कधी कधी हंगेरीचे फोरिंट. फोरिंट तर चालू चलन आहे पण 1 कोरुना म्हणजे जवळजवळ 16 फोरिंट, त्यामुळे 5000 फोरिंट हातात आले तर समजा तीनशे-सव्वातीनशे कोरुनाच आले. चेक नोटेवर आपल्याला वाचता येतील अशी रोमन अक्षरं असतात आणि माणसाचं चित्र असतं, 1000 वर इतिहासकार पालात्स्की, 500 वर एक बाई, लेखिका बोझेना नेम्त्सोव्हा. जायच्या आधी घरी बसून फोटो बघा, दहा मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट ऐकून नाशिककर खुर्चीत खालीच बसला. चेकमध्ये 2019 च्या एप्रिलपासून कायदा आहे की लायसन्स असलेल्या दुकानात 1000 युरोपर्यंतचे पैसे बदलले आणि नंतर वाटलं रेट वाईट आहे, तर 3 तासांच्या आत पावती घेऊन परत जायचं, व्यवहार रद्द होतो, त्यांना पैसे परत द्यावेच लागतात. म्हणजे ज्या दुकानाला तो माणूस चोर म्हणत होता तिथे आम्ही 64 युरो कमी घेऊन बदलले असते तरी रात्री नऊपर्यंत परत मागता आले असते. रस्त्यावरच्या माणसाला ना पावती, ना लायसन्स, ना तीन तास. त्यामुळे दुकानातून पावती घेतल्याशिवाय बाहेर पडू नका आणि तिच्यावरची वेळ बघा.

दुसऱ्या दिवशी सकाळी एटीएममधून काढले, तेव्हापण एक जागा आहे जिथे माणूस फसतो. चौकाच्या आसपास, दुकानांच्या भिंतीत बसवलेली जी रंगीत मशीन असतात ती बहुतेक बँकेची नसतात. मी 4000 कोरुना टाकले तर स्क्रीनवर मोठ्या हिरव्या बटणावर आलं 'कन्व्हर्जनसह, 181 युरो' (म्हणजे मशीनच आपल्या रेटने युरोत हिशोब करतं), आणि खाली बारीक अक्षरात 'कन्व्हर्जनशिवाय'. 4000 म्हणजे 160 व्हायला पाहिजेत. शिवाय वाक्य असं लिहिलेलं की कन्व्हर्जन नाकारलं तर व्यवहारच रद्द होईल असं वाटतं. होत नाही, नाकारा, पैसे येतात आणि रेट तुमची बँक लावते. मी तरी ते रद्दच केलं आणि खऱ्या बँकेच्या दारातल्या मशीनवर गेले. हॉटेलात, दुकानात कार्ड मशीनवरपण हेच विचारतात, युरोत का कोरुनात, भारतातलं कार्ड असेल तर रुपयांतसुद्धा दाखवतात, आणि आपल्याला रुपये बघून बरं वाटतं. कायम तिथलंच चलन दाबा.

व्हिएन्नाला युरोच आहे त्यामुळे बदलाबदलीचा प्रश्न नव्हता. पण स्टेफान्स चर्चच्या बाहेर मोझार्टसारखा विग आणि लाल झगा घातलेली मुलं तिकिटं विकत उभी असतात, त्यातल्या एकाने रूममेटला सांगितलं की न्यू इयर कॉन्सर्टच आहे, शेवटची चार तिकिटं. व्हिएन्ना फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राच्या 1 जानेवारीच्या त्या कॉन्सर्टची तिकिटं लॉटरीने मिळतात आणि त्याची नोंदणी बरेच महिने आधी होते, ती रस्त्यावर येत नाहीत. रूममेटने विचारलं हॉल कुठला, ऑर्केस्ट्रा कुठला, तर तो दुसऱ्याच हॉलचं नाव सांगायला लागला. त्या पोरांकडे ज्या मैफिली असतात त्या खऱ्या असतात पण वेगळ्या, पर्यटकांसाठीच्या, आणि रस्त्यावरची किंमत माणूस बघून ठरते. आम्ही ऑपेराच्या काऊंटरवरून उभं राहायची तिकिटं काढली, पाय दुखले पण सगळ्यांना आवडलं. बुडापेस्टला काही झालं नाही, टॅक्सी फक्त ॲपवरून बोलावली आणि फोरिंट फक्त बँकेतून काढले.

384 युरो गेले, 400 वजा ते खरे 400 कोरुना. फेब्रुवारीत प्रागहून पत्र आलं, चेक भाषेत, फोनने भाषांतर केलं, आरोपी सापडला नाही म्हणून तपास थांबवला असं होतं. नाशिककरने परत आल्यावर आम्हाला न सांगता जादा पाळ्या घेतल्या आणि मार्चमध्ये तिघांच्या हातात 96-96 युरो ठेवायला आला. दादा त्याच्यावर ओरडला, अरे नोट तर मीपण हातात घेऊन बघितली होती, आणि कार्डाचे पैसे वाचवायचं तर हिनेच सुचवलं होतं. कुणी घेतले नाहीत.

हे लिहू का म्हणून काल नाशिककरलाच विचारलं. म्हणाला लिही, पण त्याने बँकेपेक्षा एक कोरुना जास्त सांगितला होता ते लिही, आणि मला भाई म्हणाला होता तेपण लिही.