सोलर वॉटर हीटर की सोलर पॅनल + हीट पंप?

गरम पाण्यासाठी छतावर काय लावायचं? वरवर बघितलं तर नळ्यांचा सोलर वॉटर हीटरच जिंकतो, कारण तो उन्हातली निम्मी किंवा जास्तच ऊर्जा थेट पाण्यात उतरवतो आणि पॅनल जेमतेम २० ते २२ टक्क्यांची वीज करतं. पण खरी कमाल हीट पंपाची आहे, तो उष्णता तयार करतच नाही, बाहेरच्या हवेतली ओढून पाण्यात टाकतो, फ्रिजसारखंच काम, म्हणून १ युनिट विजेत साधारण ३ युनिट उष्णता मिळते, म्हणजे पॅनलचे ते २० टक्के पाण्यापर्यंत येईतो ६० च्या आसपास जातात! हवा फार गार असली की हा आकडा घसरतो, हे खरंय.

हीटरमध्ये बिघडण्यासारखं फारसं काही नसतं, फक्त जड पाण्याने नळ्यांत क्षार बसतात. पण दुपारी टाकी तापली की पुढचं ऊन वायाच, आणि सलग ढगाळ दिवस आले की शेवटी आतली कॉइल लावावी लागते, जी १ युनिटला १ च देते. पॅनलची उरलेली वीज मात्र पंखा, फ्रिज, गाडी कशालाही चालते. बजेट कमी असेल तर हीटर बिनधास्त घ्या, नाहीतर मी पॅनल आणि हीट पंपच सांगेन.