तानसेन समारोह, ग्वाल्हेर: तबकडीत न मावलेलं गाणं

ग्वाल्हेर गायकी, म्हणजे ग्वाल्हेर घराण्याची ख्याल गाण्याची शैली, फक्त रेकॉर्डवर ऐकली असेल तर ती अर्धीच ऐकली. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम साडेतीन मिनिटं मावायची. तेवढ्यात ख्याल बसवायचा म्हणजे लय चढवायची, आणि पहिली कात्री बहलाव्याला, म्हणजे संथ लयीत स्वर खुलवत जाणाऱ्या आलापीला. १६ मात्रांचा विलंबित (संथ) तिलवाडा ताल, त्यात सावकाश भरत जाणारं आवर्तन (तालाची एक फेरी), समेआधी (तालाच्या पहिल्या मात्रेआधी) तबलजीकडे गेलेली नजर, एखादी जागा साधल्यावर ती पुन्हा घेण्याचा मोह: हे समोर बसूनच कळतं. नंतरच्या एलपी या लांब तबकडीवर वेळ वाढला; समोरच्या श्रोत्याची दाद मात्र स्टुडिओत कुठून येणार?

डिसेंबरात ग्वाल्हेरच्या हजिरा भागात, तानसेनाच्या समाधीजवळ समारोह भरतो. प्रवेश मोफत. सुरुवात हरिकथा आणि मिलादने (पैगंबरांच्या स्तुतिगायनाने) होते, तीही चुकवू नये. सकाळची सभा जरूर गाठा. तोडी-भैरव हे सकाळचे राग त्यांच्या वेळेला ऐकायला मिळण्याची संधी तिथेच. रात्री थंडी बोचरी असते, शाल हवीच. गार हवेत तंबोऱ्याच्या तारा चढतात-उतरतात, दमटपणाने तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते. म्हणून मधेच तबला सुरात आणायला त्याच्या बाजूचे लाकडी गठ्ठे ठोकणं चालतं. वैतागू नका, तेवढ्यात पाय मोकळे होतात.

बसायचं कुठे? स्पीकरच्या तोंडाशी नको, तिथे तबला गळ्यावर चढतो. मधोमध, थोडं मागे, जिथून गायकाचा हात दिसेल. तानेचा आराखडा बऱ्याचदा हात आधी सांगतो.

रेकॉर्ड घरी हवीच. बंदिशीचे शब्द पाठ करायला तिच्यासारखी सोय नाही.