एकच किडनी, वय ७८: मशीन, पोटाचं डायलिसिस की नुसती औषधं?

आप्पांची डावी किडनी मुतखड्यापायी तीस वर्षांपूर्वी काढली. उरलेलीनं आकारानं वाढून दोघींचं काम ओढलं. आता मधुमेह आणि बीपीनं तीही दमली, ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा आकडा) १२ वर आलाय. १५ च्या खाली गेलं की किडनीच्या आजाराची शेवटची पायरी, मग किडनी एक आहे की दोन यानं फरक पडत नाही. पण आकडा खाली गेला म्हणून लगेच मशीन लावत नाहीत. धाप, मळमळ, न उतरणारी सूज, रक्तात वाढलेलं पोटॅशियम, हे बघून डॉक्टर ठरवतात. म्हणजे विचाराला वेळ मिळतो.

मशीनचं डायलिसिस म्हणजे आठवड्याला ३ खेपा, प्रत्येकी साधारण ४ तास. महात्मा फुले योजनेत बसलं तर उपचाराचा खर्च सुटतो. सोबत जाणाऱ्याचा बुडालेला रोज कुणी देत नाही. अक्कलकोटहून सोलापूरला यायचं तर अख्खा दिवस मोडला, आणि संध्याकाळी म्हातारा माणूस गळून पडतो तो वेगळाच. हातावरचा फिस्चुला, म्हणजे मशीनसाठी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा, तयार व्हायला दीड-दोन महिने लागतात, उतारवयात कधी जास्तच. शिवाय पाणी मोजून प्यायचं, तेही सोलापूरच्या मे महिन्यात! शेंगाचटणीवरही टाच येते.

पोटाचं डायलिसिस घरी होतं. पोटात बसवलेल्या नळीतून दिवसाला बहुधा ४ वेळा सुमारे २ लिटर द्रव बदलायचा, दर वेळी अर्धा-पाऊण तास. पाण्याचं बंधन थोडं सैल, हृदयावर ताण कमी. मला हे आवडलं होतं, पण आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. साठवलेल्या पाण्यानं का होईना, हात दर वेळी नीट धुवायलाच हवेत. शिवाय द्रवाच्या पिशव्यांच्या खोक्यांना कोरडा कोपरा हवा आणि न कंटाळणारं एक माणूस हवं. (आमच्यात ते माणूस म्हणजे वहिनी, असं सगळ्यांनी परस्पर ठरवलं. तिला विचारलं कुणी?) बाहेर आलेला द्रव गढूळ दिसला किंवा पोट दुखलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. द्रवातल्या साखरेनं शुगर चढते, तेही आलंच.

तिसरी वाट डायलिसिस न करण्याची. नातेवाईक याला ‘सोडून देणं’ म्हणतात, ते मला पटत नाही. रक्तवाढीची इंजेक्शनं, सुजेच्या गोळ्या, खाजेवर औषध, सगळं चालूच राहतं. हिंडता-फिरता म्हातारा डायलिसिसवर जास्त जगू शकतो. पण पंचाहत्तरीपुढे हृदयही अधू आणि माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर आयुष्य फारसं वाढत नाही, वाढलेले दिवसही बरेचसे दवाखान्यात जातात. अशा माणसासाठी मी हीच वाट सुचवेन.

वाट कुठलीही असो, गुडघेदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका. आहे ती किडनी त्यानं आणखी लवकर जाते.

आप्पा अजून हिंडते-फिरते आहेत. ‘आषाढी होऊ दे, मग सांगतो,’ म्हणतात. तोवर फिस्चुलासाठी डाव्या हाताच्या शिरा जपायच्या आहेत, म्हणून रक्त तपासायला जाताना मनगटावर पेनानं ‘इथं सुई नको’ लिहून घेतात.