जुन्या विनोदी पोस्टकार्डांच्या नावाखाली २९,६८० रुपयांना गंडवलं

चित्रकार डोनाल्ड मॅकगिल, कार्डं छापणारे बॅमफर्थ आणि राफेल टक अशी नावं घेत कुणी जुनी विलायती विनोदी पोस्टकार्डं विकायला आला, तर कार्डाची मागची बाजू हातात घेऊन पाहिल्याशिवाय एक रुपयाही सोडू नका. माझे २९,६८० रुपये गेलेत. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही.

पद्धत नेहमीचीच. आधी एक खरं कार्ड ८५० रुपयांत दिलं, टकने छापलेलं, चित्रकार लुई वेनच्या मांजरांचं. नागपुरात बर्डीवर भेटून दिलं, मी भिंगाखाली तपासलं, अस्सल होतं. मग मोठं घबाड: कामठी छावणीतल्या एका गोऱ्या सार्जंटने नागपुरातल्या कुण्या मडमेला पाठवलेली १९ कार्डं, जुन्या बंगल्याच्या पेटीत सापडलेली. दर कार्डी १,५००, एकूण २८,५००. इसार ५,००० घेतला, बाकी २३,५०० "मुंबईचं गिऱ्हाईक थांबलंय काका" म्हणून त्याच रात्री. वरून पार्सलच्या विम्याचे १,१८०.

पैसे पाठवण्याआधी त्याने व्हिडिओ कॉलवर कार्डं दाखवली. चित्रं सावकाश दाखवली, मागची बाजू मात्र भराभर. एकच कार्ड क्षणभर थांबलं. शिक्का १९०९ चा, तिकिटावर मुकुट घातलेला पंचम जॉर्ज. अरे, तो गादीवर आला मे १९१० मध्ये! १९०९ मध्ये राजा सातवा एडवर्ड होता. हे मला पाठ आहे, कित्येकांना मी ते समजावून सांगितलंय. तिकीट दिसलं, डोक्यात काहीतरी खटकलंही, आणि नेमकं तेव्हाच तो त्या मडमेला लिहिलेला मजकूर वाचायला लागला. पण आधीचं कार्ड खरं निघालेल्या माणसावर कोण संशय घेतो? शिवाय अंधुक स्क्रीनवर तिकीट नखाएवढं दिसतं.

पार्सल फोडलं तर सगळ्या छापील नकला. तिकिटाच्या कडेवरून नख फिरवलं, कड लागेचना, कारण तिकीटही छापलेलं. हाताने लिहिलेला मजकूर दहापट भिंगाखाली धरला तर शाईच्या जागी रंगीत ठिपके. (चित्रात ठिपके दिसले म्हणून कार्ड खोटं ठरवू नका, त्या काळातही ठिपक्यांची छपाई होती. हस्ताक्षरात ठिपके दिसले की मात्र संपलं.) एका कार्डावर १९०१ लिहिलेलं, आणि मागे मजकूर व पत्ता वेगळा करणारी उभी रेघ! ती रेघ इंग्लंडात १९०२ मध्ये आली, अमेरिकेत १९०७ मध्ये. मॅकगिलचं तर पहिलं कार्डच १९०४ चं. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली कागद पांढराफेक चमकला. १९५० च्या आधीचा कागद असा चमकत नाही. हा दिवा बाजारात स्वस्तात मिळतो, घेऊन ठेवा.

आता तक्रारीचं. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला, नोंद झाली, क्रमांक मिळाला, पुढे काही नाही. ठाण्यात गेलो तर म्हणे सायबरवाल्यांकडे जा. सायबरवाले म्हणे, पार्सल मिळालं ना, मग हा दिवाणी मामला. माल मिळाला म्हणजे फसवणूक नाही? मग सोन्याच्या भावात पितळ विकणाऱ्याला पकडताच कशाला? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम ३१८(४) मी छापून नेलं होतं. साहेबांनी कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "चित्रांच्या चिठ्ठ्यांसाठी इतके पैसे दिलेच काहून?" मी काय विकत घ्यावं हे ठाणं ठरवणार का? बँकेचं उत्तर एका ओळीचं: व्यवहार तुम्हीच मंजूर केला. ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव त्यांच्यासमोर आहे, तरी एक माणूस त्याला फोन लावायला तयार नाही. पोच मात्र लेखी मागा, तोंडी "बघतो" वर उठू नका. पार्सलचं वेष्टन फेकू नका, माझं मी रागाच्या भरात फाडलं आणि पाठवणाऱ्याचा पत्ता त्यावरच होता.

माझ्या १९ ही कार्डांवर कामठीचा शिक्का एकच आहे, डावीकडची कड त्याच जागी तुटलेली, तारखा मात्र वेगवेगळ्या. इतवारी, सदर, धरमपेठ, कुठेही कुणाकडे असा तुटक्या कडेचा शिक्का असलेलं कार्ड आलं असेल तर कळवा. एकट्याला हाकलून देतात, चौघं एकत्र गेलो तर गुन्हा नोंदवावाच लागेल.