भोकं चाळीस, दिवस सेहेचाळीस

यंदा उपवासकाळासाठी, म्हणजे ईस्टरच्या आधी आम्ही ख्रिस्ती पाळतो त्या चाळीस दिवसांसाठी, मुलांना म्हणून ऑनलाइन एक लाकडी कॅलेंडर मागवलं. १,१४९ रुपये, डिलिव्हरीचे ६० वेगळे. फूटभर फळी, तिच्यावर गोगलगाईच्या शंखासारखी आत वळत जाणारी वाट, वाटेवर ४० भोकं आणि खांद्यावर क्रूस घेतलेला करंगळीएवढा येशू. रोज एक भोक पुढे न्यायचा. वाट संपते तिथे कालवारी, येशूला क्रुसावर दिलं तो डोंगर, शेजारी कबर. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू होतो, त्याच्या आदल्या संध्याकाळी खोकं दारात आलं, त्यामुळे डिलिव्हरीला पूर्ण मार्क.

लाकूड छान आहे, कुठे कूस लागत नाही, मूर्तीखालची खुंटी भोकात घट्ट बसते. क्रूस मात्र वेगळा चिकटवलेला आहे आणि तो तिसऱ्याच दिवशी निखळला. मूर्ती हातात घेऊन धाकटा गंभीरपणे म्हणाला, "मम्मी, येशू पहिल्यांदा पडतो." क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेतलं तिसरं स्थान नेमकं हेच. ओरडणार काय? फेव्हिकॉल लावून रात्रभर आल्तारावर, म्हणजे घरच्या देव्हाऱ्यावर, सुकत ठेवला.

सोबत ४० कार्डं येतात, रोजच्या कामाची. सगळी इंग्रजीत, आणि लिहिणाऱ्याने वसई काही पाहिलेली नाही. नवव्या कार्डावर काय असावं? शेजाऱ्याच्या दारातला बर्फ बाजूला करा! फेब्रुवारीत आमच्या वाडीत आंब्याचा पातेरा पडतो, बर्फ कुठला आणू? मुलांनी मग झाडू आणि जुनी गोणी घेतली आणि शेजारच्या काकूंचं अंगण झाडून दिलं. काकूंनी दोघांना चॉकलेटं दिली. चॉकलेट तर दोघांनी ईस्टरपर्यंत सोडलेलं! ती दोन चॉकलेटं पुढे महिनाभर फ्रिजच्या दारात होती आणि फ्रिज उघडला की दोघंही आधी तिकडेच बघायची. सबंध उपवासकाळात त्यांना खरी जड गेली असेल तर ही गोष्ट. बाकीची निम्मी कार्डं मी बाजूला काढली आणि जुन्या वह्यांच्या पुठ्ठ्यांवर मराठीत नवी लिहिली: आजीचे पाय चेपा, आज मोबाइल कपाटात, दिवसभर भावाची तक्रार नाही.

आता मुख्य तक्रार. राखेचा बुधवार १८ फेब्रुवारीला होता आणि ईस्टर ५ एप्रिलला. बुधवार धरून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत मोजले तर ४६ भरतात. रविवार पुनरुत्थानाचा दिवस, तो उपवासात धरत नाहीत. सहा रविवार वगळले की चाळीस. हे फळी बनवणाऱ्याला माहीत असणार, पण सोबतच्या कागदावर रविवारी थांबा असं एका अक्षराने लिहिलेलं नाही. मीही मूर्ख, लहानपणापासून चाळीस दिवस ऐकत आले आणि कधी मोजले नाहीत. मुलं रविवारीही खुंटी सरकवत राहिली. परिणाम असा की २९ मार्चला, झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे येशू यरुशलेममध्ये शिरला त्या दिवशी, आम्ही चर्चमधल्या मिस्साहून झावळ्या घेऊन घरी आलो तर येशू कालवारीवर पोचलेला! यरुशलेममध्ये आजच शिरायचंय आणि हा आधीच डोंगरावर. मोठीने आधी फळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

नवरा म्हणाला ड्रिल काढतो, सहा भोकं पाडून देतो. ते मी होऊ दिलं नाही, फळीचा सत्यानाश झाला असता. शेवटी खुंटी उपटून सहा भोकं मागे, चौतिसाव्यात लावली. धाकटा म्हणाला, "साप चावला." सोमवारपासून रोज एक करत ४ एप्रिलच्या शनिवारी येशू वेळेवर पोचला.

सासूबाईंना हे कॅलेंडर पहिल्यापासून पटलेलं नव्हतं, त्यांचा उपास ताटात असतो. नियमाने मांसवर्ज्य वयाच्या चौदा वर्षांपासून पुढे आणि राखेच्या बुधवारचा नि गुड फ्रायडेचा उपास वय अठरा ते एकोणसाठ, म्हणजे आमच्या घरात उपास फक्त मला आणि नवऱ्याला. सासूबाई अडुसष्ट, तरी दोन्ही दिवस पेज आणि लोणच्याची फोड यावर काढतात. शुक्रवारी मटण नाही म्हणून मी पापलेट आणायला निघाले की, "हा कसला गं उपास?" म्हणून अडवतात. मासळी चालते हे त्यांनाही ठाऊक आहे, पण वसईकराने मासे खाऊन त्याग केला म्हणायचं हे मलाही जरा अवघडच जातं. मग वालाचं बिरडं होतं आणि पापलेटाचे पैसे चर्चमधून मिळालेल्या दानाच्या पुठ्ठ्याच्या डब्यात जातात. डबा फुकट मिळतो, त्यात भोक एकच, मोजायची भानगड नाही.

तरी मी तीन तारे देतेय. संध्याकाळी जपमाळेला बसा म्हणून दरवर्षी हाका मारून माझा घसा बसतो. यंदा खुंटी कोण सरकवणार यावरून भांडत का होईना, दोघं साडेसातला आल्तारासमोर हजर असायची. एक तारा कार्डांचा कापला, एक कागदाचा.

घ्यायचंच असेल तर आधी विक्रेत्याला भोकं किती ते विचारा. ४६ असतील तर डोळे मिटून घ्या. ४० असतील तर रविवारी फळी कपाटावर ठेवा, मुलांचा हात पोचणार नाही अशी. पुढच्या वर्षी राखेचा बुधवार १० फेब्रुवारीला येतोय, आणि मराठी कार्डांची झेरॉक्स हवी असेल तर माझ्याकडे आहे.